तूप, कच्चे सूत आणि थोडासा कापूस

आजचा धागा धाग्याविषयीच आहे.

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे आधी सिंदखेडराजा उभे राहते, मग लोणार. ते योग्यच आहे आणि त्या दोहोंवर इथेच पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मात्र मला तुमची ओळख अशा एका व्यक्तीशी करून द्यायची आहे, जिच्या नावाचा शिलालेख नाही, बखर नाही, पत्रही नाही. ती आहे घरी बसून सूत कातणारी बाई. तिचा दिवस कसा जात असे, तिच्या हाताला काय सुख मिळत असे आणि ते काम तिच्या हातून कसे गेले, एवढाच आजचा विषय.

प्रारंभ खामगावपासून करू. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये खामगावच्या नोंदीत एक लहानशी माहिती आहे. पुढे वऱ्हाडातील सर्वांत मोठी कापूसपेठ म्हणून गाजलेल्या या गावातील व्यापाराचा आरंभ १८२०च्या सुमारास झाला, असे तेथे म्हटले आहे. काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली आणि ते तीन वस्तूंचा व्यापार करू लागले : तूप, कच्चे सूत आणि थोडासा कापूस.

या यादीचा क्रम पाहा. कापूस शेवटी आहे आणि तोही ‘थोडासा’. त्याच्या आधी सूत आहे. म्हणजे ज्या काळी खामगावला अजून कापसाच्या गाठींची ओळख नव्हती, त्या काळी तेथे विक्रीला येत होते ते कातलेले सूत. बोंडातून निघालेला कापूस बाजारात येण्यापूर्वी कोणाच्या तरी ओटीवर, ओसरीवर, बोटांतून गेलेला होता. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षी हा मजकूर वाचला तेव्हा पान उलटून पुढे गेले होते. दुसऱ्या वेळी वाचताना थांबले. हे सूत कातले कोणी?

उत्तर शोधण्यासाठी आधी ते काम समजून घ्यावे लागते. इतिहासाच्या पुस्तकांत ‘सूतकताई’ हा शब्द एका झटक्यात येऊन जातो, जणू काही कापूस हातात घेतला आणि सूत बाहेर आले. प्रत्यक्षात बोंड आणि सूत यांच्यामध्ये तीन-चार वेगवेगळी कामे आहेत. वेचून आणलेल्या कापसातून प्रथम सरकी वेगळी करायची. यासाठी दोन लाटांचा हाताने फिरवायचा रेचा असे. थोड्या कापसाला तोही लागत नसे, पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. सरकी गुरांना घालायची किंवा पुढच्या पेरणीला ठेवायची. मग रुई पिंजायची. हे काम बहुधा पिंजाऱ्याचे. त्याच्या कमानीची तात रुईत धरून लाकडी ठोक्याने वाजवली की रुईचा एकेक तंतू सुटा होतो. ज्यांनी लहानपणी गादी पिंजणारा पाहिला असेल त्यांना तो घुमणारा आवाज आठवेल. पिंजलेल्या रुईचे एका बारीक काडीवर लांबट गुंडाळे करायचे, काडी काढून घ्यायची. हा झाला पेळू. आणि मग चरखा.

उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हातात पेळू. चाकावरची माळ लोखंडी चातीला गरगर फिरवते, चातीचे टोक पेळूतले तंतू धरते आणि डावा हात मागे मागे जात राहतो. हात मागे नेण्याचा वेग आणि चाक फिरवण्याचा वेग यांचा मेळ बसला तर सूत एकसारखे येते. हात घाईने गेला तर सूत बारीक होऊन तुटते, चाक जास्त फिरले तर सुताला गाठी पडतात. हात पुरता मागे गेला की चाक किंचित उलटे फिरवून, पीळ बसलेले सूत चातीवर गुंडाळायचे आणि पुन्हा सुरुवात. हे वाचायला जितके किचकट वाटते तितके ते हाताला किचकट नसते, काही दिवसांनी हातच ते जाणतो. डोळे मोकळे होतात आणि तोंडही.

चरखा आपल्याकडे अनादि काळापासून आहे, अशी समजूत आढळते. ती खरी नाही. चरख्याच्या आधी हजारो वर्षे सूत निघत होते ते टकळीवर; मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापसाचे धागे सापडले ते चरख्याच्या कितीतरी आधीचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कापसाची सरकी काढणाऱ्या स्त्रिया डिटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने ओळखल्या. बुलढाण्याच्या सीमेला लागूनच असलेल्या डोंगरातला हा पुरावा आहे. चरख्याचा मात्र भारतातील निःसंदिग्ध उल्लेख इरफान हबीब यांनी दाखवून दिला तो चौदाव्या शतकातील आहे. आणि तो लिहिला गेला दौलताबादेत, म्हणजे आपल्या शेजारीच! इसामी नावाच्या कवीने १३५०च्या सुमारास ‘फुतूह-उस्-सलातीन’ हे फारसी काव्य बहमनी राज्याच्या संस्थापकासाठी रचले. त्यात रझिया सुलतानविषयी बोलताना तो म्हणतो की बाईला सिंहासन शोभत नाही, तिने चरख्यापाशी बसावे हेच बरे.

पुरावा म्हणून ही ओळ मोलाची आहे, कारण चरखा ही तोवर वाचकाला परिचित वस्तू झाली होती, हे तिच्यावरून कळते. पण तो पुरावा आपल्या हाती आला आहे तो एका टोमण्यातून. कातणाऱ्या बाईविषयीचे बहुतेक उल्लेख असेच आहेत. बोलणारा दुसऱ्याच कशाविषयी बोलत असतो आणि ती कोपऱ्यात दिसते.

आता थोडे गणित करू. मला याची फार उत्सुकता होती की एका नऊवारी लुगड्याला किती सूत लागत असेल. समजा लुगडे ९ वार लांब आणि ४५ इंच रुंद आहे. जाडसर वापरातले, म्हणजे एका इंचात उभे ४० आणि आडवे ३६ धागे. उभे धागे एकूण १,८०० आणि प्रत्येक ९ वार, म्हणजे १६,२०० वार. आडवे धागे ११,६६४ आणि प्रत्येक सव्वा वार, म्हणजे १४,५८० वार. बेरीज झाली ३०,७८० वार. मैलांत सांगायचे तर साडेसतरा मैल, सुमारे २८ किलोमीटर. जलंब ते खामगाव हा रेल्वेमार्ग आठ मैलांचा आहे. एका लुगड्याचे सूत त्या रुळांवरून जाऊन परत येते आणि तरी दीड मैल उरते.

सराईत हात चरख्यावर तासाला साधारण ३५० वार सूत काढतो असे धरले, तर एका लुगड्यासाठी जवळजवळ ८८ तास कातावे लागते. यात सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे धरलेले नाही. घरचे आणि शेतातले काम आटोपून रोज चार तास मिळाले तरी बावीस दिवस. विणकर तेच लुगडे चार दिवसांत विणून मोकळा होत असेल, तर एका मागाला सतत सूत पुरवायला पाच-सहा कातणाऱ्या हव्यात. अंकांत थोडे इकडेतिकडे होईल, पण प्रमाण असेच राहील. म्हणजे जेथे जेथे इतिहासात तुम्हाला एक माग दिसतो, तेथे त्याच्या मागे न दिसणाऱ्या पाच-सहा स्त्रिया बसलेल्या आहेत, असे समजा.

आता ही दृष्टी घेऊन मेहकरला चला. मेहकर हे एके काळी विणकरांचे भरभराटीचे गाव होते. मेहकरची धोतरे नावाजलेली होती. तेथील मोमीन विणकर इतके संपन्न होते की गावाला तटबंदी घालण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले, असे एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियर सांगते. ही गोष्ट त्याही वेळी चारशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जात होती. विणकरांनी उभारलेला गावकूस! किल्ल्यांवर जीव टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी या एका तटाकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला हरकत नाही. मेहकरचे वैभव पुढे पेंढाऱ्यांच्या लुटीने खचले, १८०३च्या दुष्काळाने पुरते मोडले आणि उरलेसुरले ते विलायती कापडाच्या स्पर्धेत गेले. त्या तटाच्या खर्चात मोमिनांचे माग होते, तसे आसपासच्या खेड्यांतील चरखेही होते. दुसरा अर्धा भाग कोणी नोंदवला नाही, पण वरचे गणित तो नोंदवते.

हे काम कोण करत असे? एका जातीचे ते नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे. विणणे कोष्टी, साळी, मोमीन, महार यांच्याकडे. वऱ्हाड आणि मध्यप्रांतात जाडेभरडे, टिकाऊ कापड विणण्यात महार विणकरांचा वाटा फार मोठा होता. कातणे मात्र साऱ्या घरांत चाले. शेतकऱ्याच्या घरी, विणकराच्या घरी, विधवेच्या घरी. विशेषतः म्हातारी माणसे आणि विधवा, ज्यांना शेतावर उन्हात राबणे शक्य नसे किंवा ज्यांनी घराबाहेर पडू नये अशी अपेक्षा असे, त्यांच्यासाठी चरखा हा स्वतःच्या पैशाचा जवळजवळ एकमेव मार्ग होता. भांडवल म्हणजे एक लाकडी चाक. काम हवे तेव्हा थांबवता येते, पोर रडले तर उठता येते, पुन्हा येऊन त्याच ठिकाणी धागा जोडता येतो.

आणि सुख? इथे मी जरा जपून लिहिते. आठ-दहा तास शेतात वाकून आल्यावर चरख्यावर बसणाऱ्या बाईला ‘आनंद’ होत होता, असे आपण आपल्या शहरी खोलीत बसून लिहिणे सोपे आहे. त्या काळच्या कातणाऱ्या बाईने स्वतः लिहिलेले आपल्याकडे काही नाही. तरी त्या कामाच्या स्वभावावरून काही गोष्टी सांगता येतात. जाते दळताना दम लागतो, चरख्यावर दम लागत नाही. उखळाचा आवाज बोलणे बुडवतो, चरख्याची घरघर बोलण्याखाली राहते. चार जणी आपापले चरखे घेऊन एका ओसरीवर बसू शकतात, तशा चार जणी एका जात्यावर बसू शकत नाहीत. हिवाळ्यात, वेचणी संपत आल्यावर, दुपारच्या उन्हात पाठ शेकत बसण्यासारखे दुसरे काम शेतकरी घरात फारसे नाही. हे अनुमान आहे. पण ज्याने एकदा तरी सूत काढले आहे त्याला ते धाडसाचे वाटणार नाही.

आता रेल्वेकडे येऊ. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव असे करत १८६७ साली नागपूरला पोहोचली. खामगाव मुख्य मार्गापासून आठ मैल बाजूला राहिले होते. म्हणून जलंबपासून खास फाटा काढण्यात आला आणि मार्च १८७० मध्ये तो सुरू करण्यासाठी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! पन्नास वर्षांपूर्वी ‘थोडासा कापूस’ विकणाऱ्या पेठेचा केवढा हा कायापालट.

या साऱ्या घडामोडींच्या मध्यभागी एक अधिकारी होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ओळखीचे असेल. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांवर प्रथम लिहिणारा तोच. दगडांवरच्या बारीक खळग्यांच्या खुणा टिपणारा हा चौकस माणूस आपल्या सरकारी अहवालात एका प्रदेशाविषयी काय लिहितो, याचा आशय असा : येथे रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इतके स्वस्त आणता येईल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग जो कापूस आज येथेच सूत काढण्यात खर्च होतो तो निर्यातीला मोकळा होईल आणि जी माणसे कातण्या-विणण्यात गुंतली आहेत ती शेतमजुरीला मोकळी होतील.

हे वाचताना मला कोणताही कट उघडकीस आल्यासारखे वाटले नाही. उलट ते इतके सरळ, हिशेबी आणि उघड आहे की त्याचीच भीती वाटते. दुपारी ओसरीवर बसलेल्या चार जणी या हिशेबात आहेत, पण ‘मोकळे करता येण्याजोगे हात’ म्हणून.

पुढे घडलेही साधारण तसेच, मात्र एका महत्त्वाच्या फरकाने, आणि तो फरक आपल्या शाळकरी इतिहासात नीट येत नाही. आपण सरसकट म्हणतो की विलायती कापडाने हातमाग बुडाले. पीटर हार्नेटी यांनी मध्यप्रांतातील विणकरांचा अभ्यास करून दाखवले की माग बराच काळ टिकून राहिले. विणकरांनी गिरणीचे सूत घेतले आणि विणणे चालू ठेवले. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा तर गिरणीचे सूत जवळच मिळू लागले. आधी मेला तो चरखा. विणकराला सुतासाठी पाच-सहा बायांच्या दारी जाण्याची गरज उरली नाही. जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार विणकरांना तर दुहेरी फटका बसला. त्यांचे कापड हातसुताचेच असे आणि तशा कापडाची जागा स्वस्त गिरणी कापडाने घेतली. पुढे एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्यांत महार कामगारांची संख्या मोठी होती, हा योगायोग नव्हे.

कापसाचाही प्रवास बदलला. खामगाव-शेगाव पट्ट्यात वाफेवरचे जिन आणि प्रेस उभे राहिले. शेतकरी सरकीसकट कापूस गाडीत भरून थेट बाजारात नेऊ लागला, तेथून तो जिनमध्ये, जिनमधून गाठींत, गाठी मुंबईला. रुई घरात येणेच थांबले. इतकेच काय, कापसाची जातही बदलली. विदर्भातल्या बनी जातीचा धागा लांब आणि तलम. पण बाजारात वजनावर पैसा मिळतो. त्यामुळे आखूड धाग्याचे, पण रुईचा उतारा जास्त देणारे वाण शेतांत पसरत गेले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई, उमरावतीवरून पडलेले नाव. कातणाऱ्या बोटांना काय आवडते, हा प्रश्न या सगळ्या उलाढालीत कोणी विचारण्याचे कारणच नव्हते.

वऱ्हाडातील एखाद्या बाईने याविषयी काय म्हटले असते? तिचे पत्र आपल्याकडे नाही, पण बंगालमध्ये एक आहे. १८२८ साली ‘समाचार दर्पण’ या वृत्तपत्रात शांतिपूरच्या एका कातणाऱ्या विधवेच्या नावाने पत्र छापून आले. तरुण वयात वैधव्य, पदरी मुली, घरात काही नाही. तिने चरखा धरला. विणकर सूत घ्यायला तिच्या दारी येत, आगाऊ पैसेही देऊन जात. त्या कमाईवर तिने घर चालवले, मुलींची लग्ने केली. मग विणकर येईनासे झाले. चौकशी केली तेव्हा कळले की विलायतेहून सूत येऊ लागले आहे आणि तेच सारे विकत घेतात. विलायतेतल्या बायका आपल्याहूनही दरिद्री असल्या पाहिजेत, नाहीतर इतके कष्टाचे सूत इतक्या स्वस्तात त्या का विकतील, असे त्या बाईला वाटते. यंत्राची कल्पना तिला नाही. सूत म्हटले की दुसऱ्या टोकाला कोणीतरी बाईच बसलेली असणार, एवढेच तिला माहीत आहे. मला या पत्रातली ही जागा सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

वऱ्हाडात हेच चाळीस-पन्नास वर्षांनी, रेल्वेच्या मागोमाग घडले. आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, शेतात मजुरी नसताना, घरात बसून चार पैसे मिळवण्याचा तो जुना मार्ग उरलेला नव्हता. दुष्काळातील मृत्यूंची कारणे अनेक आहेत, ती एका चरख्यावर टांगणे योग्य होणार नाही. पण ज्या घरात मिळकतीचे दोन मार्ग होते तिथे एकच उरला होता, एवढे म्हणता येते.

यानंतरचा गांधीयुगाचा भाग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी तो भरभर ओलांडते. १९२४च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी महिन्याला २,००० वार स्वकष्टाचे सूत अशी अट मान्य केली. वर्षभरातच ती सैल करून सुताऐवजी पैसे देण्याचा पर्याय खुला करावा लागला. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. गंमत अशी की वकील, प्राध्यापक, पुढारी २,००० वारांना घामाघूम होत होते, तेवढे सूत खामगावच्या पेठेला सूत पुरवणारी बाई सहा तासांत काढत असेल. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नयी तालीमच्या विचारातून सूतकताई शाळांत शिरली आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे मराठी शाळांच्या वेळापत्रकात टिकली.

आणि इथे माझी आजी या कथेत येते. ती मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. चरखा तिच्या घरात नव्हता. तिच्या आईच्या घरातही नव्हता. टकळी तिला मिळाली ती शाळेत. मी तिला मोठ्या अपेक्षेने विचारले की सूतकताईचा तास कसा असे, स्वदेशी, गांधीजी वगैरे काही सांगत का. ती म्हणाली, “त्या तासाला गुरुजी बोलू देत.” बाकीच्या तासांना बोलले की छडी, टकळीच्या तासाला हात चालू असले की झाले. मुली सर्व बातम्या त्याच तासाला एकमेकींना सांगत. शंभर वर्षांपूर्वीच्या ओसरीविषयी मी वर जे अनुमान केले, ते करण्याचे धैर्य मला या एका वाक्याने दिले, हे कबूल करते.

आजीच्या घरात कापसाचे काम कधीच थांबलेले नाही, फक्त मी त्याला इतिहास समजत नव्हते. देव्हाऱ्याजवळच्या डब्यात रुई असते. दुपारी जेवणे झाली की ती वाती वळायला बसते, फुलवाती, लांब वाती. मध्येच कापसाची वस्त्रमाळ करते. चातुर्मासात तिच्या मैत्रिणींपैकी कोणी लक्षवातींचा नेम धरलेला असतो, मग साऱ्या जणी तिला मदत करतात. श्रावणी पौर्णिमेला पोवती पौर्णिमा हे जुने नाव आहे. पोवते म्हणजे गाठी मारलेले सुताचे कडे. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायचे, तेही पांढरे, कापसाचे. चरखा मोडला, बाजार गेला, पण देवाच्या निमित्ताने बोटांना कापूस पिळण्याची सवय राहिली. आमच्याकडील शेतांत वेचणीच्या हंगामात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि त्याच कापसातला मूठभर घरी वातींसाठी बाजूला निघतो. बाकी सगळा गाडीत भरून जिनला जातो. एकेकाळी सगळाच घरी येत होता, याची ती मूठभर खूण आहे असे मला वाटते. आजीला तसे काही वाटत नाही. ती म्हणते, विकतच्या वाती नीट जळत नाहीत.

गोधडीचेही तसेच. जुनी लुगडी थरावर थर घालून, धाव दोऱ्याने कडेपासून आत आत शिवत यायचे. फाटलेल्या लुगड्याचा धडका भाग गोधडीत, उरलेल्या चिंध्यांच्या वाती किंवा पलिते, काठ निराळे काढून बांधायला. लहानपणी मला ही नुसती काटकसर वाटे. ८८ तासांचे गणित केल्यापासून कळते की वस्त्र टाकून द्यायचे नसते, ही सवय कोठून आली. जेव्हा साडेसतरा मैल सूत हाताने काढलेले असे, तेव्हा त्यातला एक वारही वाया घालवणे कोणाला परवडण्यासारखे नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः टकळी घेऊन बसले. कापूस आमच्याच ओळखीच्या शेतातला, म्हणजे अर्थातच आजचा संकरित वाण. बनी आता पाहायला मिळणेही कठीण. पाट आणि सळई घेऊन सरकी काढली, त्यातच एक दुपार गेली. पिंजारी कोठे मिळेना, म्हणून बोटांनीच रुई मोकळी केली आणि वाकडेतिकडे पेळू केले. पहिल्या दिवशी वीतभर सूत निघाले की तुटत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, आजी कोणाच्या तरी लग्नाची हकिगत सांगत असताना, अचानक लक्षात आले की बराच वेळ टकळी खाली पडलेली नाही. सूत आपोआप लांबत होते. त्या दहा मिनिटांचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

खादीच्या मापात चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. वरच्या लुगड्याला अशा छत्तीस गुंड्या लागतील. माझी पाच दुपारींत एक लटी झाली. तार मोजताना तीनदा चुकले, शेवटी आजीनेच मोजून दिली. मग तिने त्यातले एक टोक दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढले. ते तुटले.

“पीळ कमी पडला,” ती म्हणाली आणि तुटलेला तुकडा वातींच्या डब्यात टाकला.